गाळ वाळू दे

पूर ओसरू लागला आणि आमच्या गल्लीत खराट्यांचा आवाज सुरू झाला. पाणी उतरत असतानाच त्याच पाण्याने गाळ बाहेर लोटायचा, हे नदीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. एकदा वाळला की तो फरशी सोडत नाही. शेजारच्या शकूकाकू मात्र खराटा मांडीवर घेऊन दारातल्या पायरीवर नुसत्या बसल्या होत्या.

“काकू, गाळ वाळतोय.”

“वाळू दे. विमावाला बघून जाऊ दे आधी.”

मागच्या पुरात त्यांनी घर लख्ख धुतलं होतं. मग विम्याचा माणूस आला, स्वच्छ स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, “नुकसान काही दिसत नाही.”

आमची गल्ली नकाशावर पूररेषेच्या आत आहे. पाणी कुठवर येतं हे रेषा आखणाऱ्यांना ठाऊक आहे, हप्ता घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर हप्ता जास्त. पाणी आलं होतं, हे मात्र आम्ही सिद्ध करायचं, घाणीत बसून.

बोलता बोलता काकूंच्या हाताने सवयीने उंबरा पुसला. वीतभर जागा स्वच्छ झाली. लक्षात येताच त्यांनी मूठभर गाळ उचलला आणि रोज हळदकुंकू लावायच्या त्या उंबऱ्यावर नीट सारवला.