चौथ्या नंबरचा माणूस

घोडेस्वार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तलवारी चमकतात. कसल्या तलवारी! ऑरिन टकरची रोजनिशी वाचा म्हणजे कळेल. ‘आज घोड्याच्या पाठीचं खरचटलेलं धुतलं. बिस्किटांत किडे निघाले. कॉफीत बुडवलं की किडे वर येतात, मग काढून टाकायचे. पावसातच झोपलो.’ पानामागून पान हेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मिशिगनहून व्हर्जिनियातल्या लढाईवर निघताना बायकोनं, लव्हिनानं, वही हातात देऊन बजावलं होतं, “काय खाल्लंस, कुठं झोपलास, रोज लिहायचं. मला सगळं कळलं पाहिजे.”

सगळं तो लिही. एवढंच लिहीत नसे की आपण भितो. आणि भीत तरी किती! लांब कुठं तोफ धडाडली की हा आडोसा शोधू लागलाच.

त्यातल्या त्यात आशा एकच, चौथा नंबर. हल्ली घोड्यावर बसून कुणी लढत नसे. रांगेत एक, दोन, तीन, चार असं मोजायचे. पहिले तिघं उतरून बंदुका घेऊन पायी पुढं जायचे आणि चौथ्यानं मागं, आपल्या घोड्यावर बसून, तिघांचे घोडे सांभाळायचे. मोजणी सुरू होणार असं दिसलं की ऑरिन हळूच घोडा सरकवून चौथी जागा गाठायला बघायचा. सगळ्यांना हे ठाऊक होतं.

“आली बघा आमची भित्री भागूबाई,” त्याच्याच रांगेतल्या दोघा होबार्ट भावांपैकी थोरला म्हणायचा, “हिला आधी बसायला जागा द्या रे!”

ऑरिन ओशाळून हसायचा. पण सरकायचा थांबत नसे.

त्या जून महिन्यातल्या सकाळी मात्र डाव फसला. होबार्ट भाऊ एक आणि दोन, ऑरिनच्या वाट्याला तिसरा नंबर आला आणि चौथा जेथ्रोला. जेथ्रो त्याच्याच गावचा लोहार, एकाच तंबूत झोपणारा. पुढच्या झाडीत गोळ्या तडतडत होत्या. ऑरिनला घोड्यावरून उतरताच येईना.

“काय झालं रे?” जेथ्रोनं विचारलं.

“पाय... पायच उचलत नाहीत, जेथ्रो.”

जेथ्रोनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि स्वतःच खाली उडी मारली. “बस तिथंच. तुला पुढं नेलं तर तुलाच उचलून आणावं लागेल, ते कोण करणार? माझी घोडी तेवढी नीट सांभाळ. चावरी आहे.”

तिघं झाडीत दिसेनासे झाले. तिन्ही घोडे एकमेकांना अडकवलेले होते आणि अलीकडच्या, जेथ्रोच्या घोडीचा लगाम ऑरिनच्या हातात होता. तो हातात नुसता धरायचा, मनगटाला कधी म्हणजे कधी बांधायचा नाही, असं सार्जंटनं घसा फोडफोडून शिकवलं होतं. पण ऑरिनला स्वतःची खात्री नव्हती. जरा काही झालं की आपण घोडे सोडून पळणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्यानं लगामाचे वेढे मनगटाला घेतले आणि दातांनी ओढून गच्च गाठ मारली.

तोफेचा पहिला गोळा जवळच पडला. शेजारी घोडे धरून उभ्या असलेल्या माणसानं हातातलं सगळं टाकलं आणि धूम ठोकली. दुसरा गोळा पडला तेव्हा माती ऑरिनच्या तोंडात गेली.

आणि मग ऑरिननंही टाच मारली. खोटं कशाला बोला? जेथ्रो आठवला नाही, लव्हिना आठवली नाही, देवसुद्धा आठवला नाही. त्याला फक्त पळायचं होतं. पण बिथरलेले तिन्ही घोडे उलट दिशेला ओढत होते. खांदा निखळतोय की काय असं त्याला झालं. “सोड, सोड!” असं तो किंचाळत होता, पण गाठ सुटेना. जागच्या जागी गरगर फिरत राहिला. हे कुणीच पाहिलं नाही.

तेवढ्यात झाडीतून माणसं पळत आली. मागं शत्रू होता. होबार्ट भावांनी आपापले घोडे सोडवले, वर चढले आणि निघाले. जेथ्रो घोडीपाशी आला.

“दे लगाम!”

“सुटत नाही रे! गाठ बसलीय!”

“गाठ? अरे गाढवा, हाताला बांधलंस?” जेथ्रोनं चाकू काढला. घामानं लगामाचं कातडं फुगलं होतं, चाकू सटकत होता. “हलू नकोस. हात कापेन हां तुझा. झालंच, झालंच.”

लगाम तुटला. जेथ्रोनं रिकिबीत पाय घातला आणि तसाच मागच्या मागं पडला. गोळी मानेत लागली होती. ऑरिनचा घोडा उधळला, त्याच्यामागून जेथ्रोची घोडीही, आणि ऑरिननं मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यानं वही उघडली. ‘कडक ऊन. खारवलेलं डुकराचं मांस मिळालं. जेथ्रो गेला.’ पुढं त्याला लिहवेना.

होबार्ट भाऊ सार्जंटला घेऊन आले. थोरल्यानं ऑरिनचा हात धरून वर केला. मनगट सोलून निघालं होतं, काळंनिळं पडलं होतं. “बघा सार्जंट! बाकीचे पळाले, पण यानं घोडे सुटायला नकोत म्हणून स्वतःला बांधून घेतलं! आम्ही याला भागूबाई म्हणायचो. माफ कर बाबा आम्हाला.”

ऑरिननं तोंड उघडलं. “मी... तसं नाही...” एवढंच बाहेर पडलं.

“बस, बोलू नकोस,” सार्जंट म्हणाला. “बांधायचं नसतं, हे तुला सांगितलं होतं. पण छातीचा आहेस. आता मोजणी बिजणी काही नाही. जेथ्रोच्या जागी कुणीही येवो, लढाई संपेपर्यंत चौथा तूच.”

ऑरिनला बरं वाटलं. अगदी मनापासून, पोटातून बरं वाटलं, आता पुढं जायचं नाही म्हणून. आणि आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आलं तसा तो उठला, घोड्यांच्या मागं गेला आणि भडाभडा ओकला.