अत्तराखालचा वास

आमच्या सर्जिकल वॉर्डाच्या सिस्टर सकाळी आल्या की कुणाला नमस्कार करत नसत. दारातच थांबून नाक वर करत आणि म्हणत, "शी." त्या एका अक्षराचे त्यांच्यापाशी बरेच प्रकार होते. न धुतलेल्या बेडपॅनची शी वेगळी, चिघळलेल्या जखमेची वेगळी, आणि उशीखाली लपवलेल्या पेढ्यांची तर फारच वेगळी. पाठीमागे सगळे त्यांना शी-सिस्टर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

मी गोरखी मोहल्ल्यातल्या भिक्षुकाच्या घरातली. नर्स झाले म्हणून अंघोळ केल्याशिवाय आई मला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. पहिली पट्टी सोडताना मी पदर नाकाला लावला, तो सिस्टरनी ओढून खाली केला. "अगं, देवानं नाक काय फक्त नथ घालायला दिलंय? किळस आली ना, मग अजून जवळ जा. जिथे किळस जास्त, तिथेच गडबड." त्या स्वतः पट्टी हुंगत, मग रोग्याच्या चेहऱ्याकडे बघत, मग नाडी धरत. रोगी काय सांगतो ते सगळ्यात शेवटी ऐकत.

अत्तराचा मात्र त्यांना भयंकर राग. आमच्या गावच्या लश्कर भागातल्या जुन्या दरबारी घरांत पाहुण्याला अत्तर लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ही मंडळी दवाखान्यातही कुप्या घेऊन येत. सिस्टर त्या मोरीत ओतत. "दरबार गेला, वास तेवढा राहिला," असं पुटपुटत. त्यांचा बाप फौजेत साधा शिपाई होता. दरबार त्यानं लांबूनच पाहिलेला.

मध्यभारत राज्य मोडून आमच्या गावातली राजधानी भोपाळला निघाली होती तेव्हाची गोष्ट. कोण जाणार, कोण राहणार, कुणाची ज्येष्ठता कुठे लागणार, याखेरीज गावात विषय नव्हता. त्याच दिवसांत, ज्यांच्या हातात या नेमणुका होत्या ते एक बडे साहेब आमच्याकडे दाखल झाले. साखरेचा आजार, त्यात पायाला गळू. ऑपरेशन ठीक झालं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. लोक पायाची चौकशी करत आणि हळूच आपलं नाव पुढे सरकवत. आमचे सुपरिंटेंडेंटसुद्धा खुर्ची ओढून तिथेच बसत. त्यांनाही भोपाळची जागा हवी होती. पुवाची किळस मला थोड्याच दिवसांत गेली होती, या माणसांची आली ती आजतागायत गेलेली नाही. पू निदान पू म्हणूनच वाहतो.

पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून साहेबांच्या पत्नीनं पट्टीवर केवड्याचं अत्तर शिंपडलं. सुपरिंटेंडेंटनी हुकूम दिला, पट्टी आज राहू द्या, उद्या सोडा. सिस्टर आल्या, दारात थांबल्या, आणि त्या दिवशी शी म्हणाल्या नाहीत. सरळ खाटेपाशी गेल्या.

"आज बिलकुल दुखत नाही, सिस्टर," साहेब हसून म्हणाले. "पाय कसा हलका वाटतोय." पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"काल विव्हळत होतात. आज एकदम नाही?" सिस्टर वाकल्या, केवड्यात नाक घातलं, मग नाडी धरली. साहेब कुणाच्या तरी नेमणुकीबद्दल सांगत होते, ते मधेच विसरले.

"सगळ्यांनी बाहेर व्हा."

"सिस्टर, जरा वेळानं," सुपरिंटेंडेंट म्हणाले.

तोवर सिस्टरची कात्री चालली होती. आत दोन बोटं काळी पडली होती. जो दर्प सुटला, त्यासरशी मघाचे चौकशीखोर तोंडाला रुमाल लावून पळाले. एकाला तर दारातच ओकारी झाली. सर्जन निरोप मिळताच आले आणि काही न विचारता साहेबांना आत घेतलं. दोन बोटं गेली, पाय राहिला, माणूसही राहिला.

साहेबांना बोटांचं एवढं वाटलं नाही. चारचौघांत आपली घाण उघडी पडली, याचं वाटलं. सिस्टरची बदली नव्या प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलातल्या दवाखान्यात झाली, आणि सुपरिंटेंडेंटना भोपाळ मिळालं. थू.

त्या निघाल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेले. रागानं मला रडू येत होतं. मी म्हटलं, "तक्रार साहेबांनी स्वतः केली. माझ्यासमोर."

"पडून केली?"

"नाही, चांगलं उठून बसून."

"मधे दम लागला? काही विसरला?"

"कुठलं! एका दमात तुमच्या खानदानापर्यंत पोचले."

सिस्टरनी वळकटीचा पट्टा आवळला. "मग सुधारतोय," त्या म्हणाल्या, आणि चक्क समाधानानं हसल्या. "उद्या त्याची पट्टी तू सोड."

"मी नाही हात लावायची. मला किळस येते त्या माणसाची."

"येते ना? मग अजून जवळ जा."

दुसऱ्या दिवशी मी पट्टी सोडली. साहेब उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "गेली का एकदाची ती बाई?"

मी पट्टी नाकाशी नेली. जखम लालबुंद, स्वच्छ होती. कसलाही वास नव्हता. तरीही माझ्या तोंडून निघालंच, "शी."