फाट्यापुढची गोष्ट

त्या बुधवारी सकाळी मी फाट्यावर नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधीच येऊन उभी होते. आदल्या संध्याकाळी जीपमधल्या रेडिओवरच्या कथेत एका बाईला वीस वर्षांनी भावाचं पत्र आलं होतं. ती ते हातात धरून उंबऱ्यावर बसली होती, उघडत नव्हती... तेवढ्यात माझा फाटा आला आणि मला उतरावं लागलं. पत्रात काय होतं ते मल्लूमामा सकाळी सांगणार होते. साडेआठ वाजले, पावणेनऊ झाले. मग दुसरीच एक जीप येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "बस गं मागं. मल्लूची गाडी न्हाय यायची. पहाटं वारला त्यो, झोपंतच." मी मागे बसले. सोलापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात मामांच्या आधी ते पत्रच येत होतं. माणूस गेला आणि मला गोष्टीचं पडलंय, याची लाज वाटत राहिली. ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मल्लूमामा म्हणजे मल्लिनाथ. अक्कलकोट रस्त्यावर त्यांची वडापची, प्रवासी भरून नेणारी जीप होती. माझे ते नात्याने कोणी नव्हते. आमच्या घरी मेंढरं आहेत. वडील वर्षातले कितीतरी महिने कळपाबरोबर बाहेर असतात. कॉलेजात जाणारी घरात मीच पहिली, त्यामुळे प्रवेशाचा फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा हेसुद्धा घरात कोणाला विचारता येत नव्हतं. पहिल्या दिवशी जीपमध्ये चढताना मी नवी बॅग छातीशी घट्ट धरली होती. मामांनी आरशात बघितलं आणि ओरडले, "ओ कॉलेज, जरा आत सरका की! पुस्तकाला जागा पायजे, तशी माणसालाबी पायजे." सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव कॉलेज पडलं.

संध्याकाळी मामांची गाडी पाच वीसला निघायची. भरलेली असो नसो. बाकीचे ड्रायव्हर त्यांना हसायचे, कारण जीप भरल्याशिवाय वडाप हलत नाही हा सगळ्या रस्त्याचा नियम. पण साडेपाचला रेडिओवर कथा लागायची आणि ती शहरातल्या गोंगाटात सुरू झालेली मामांना चालत नसे. रेडिओ छोटा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने डॅशबोर्डला बांधलेला. त्याचं एक बटण कधीच तुटलं होतं, तिथे पेनाचं निळं टोपण बसवलेलं. कथा सुरू झाली की भाकरीवाल्या शकुंतलामावशीसुद्धा गप्प व्हायच्या. मावशी सोलापुरात कडक भाकरी विकायच्या आणि रिकामी टोपली मांडीवर घेऊन परत यायच्या. युनिफॉर्म शिवणारे रफिकभाई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे, पण झोपायचे नाहीत. आम्ही तिघंही एकाच फाट्यावर उतरायचो, आणि कथा नेमकी तिथेच अर्धी राहायची.

तिचा शेवट सकाळी मिळायचा. मामांच्या सकाळी तीन फेऱ्या असत. मावशी पहाटेच्या पहिल्या फेरीला, मी साडेआठच्या, रफिकभाई दहाच्या. प्रत्येक फेरीला मामा आपल्या शेजारची जागा राखून ठेवायचे आणि त्या जागेवरच्या माणसाला कालचा शेवट सांगायचे. मोबाईलवर शोधून तो मला ऐकता आला असता. पण मला सकाळचाच हवा असायचा. संध्याकाळी पुन्हा नवी कथा लागायची, मग जुनीबद्दल कोण बोलणार?

पहिल्या वर्षाच्या निकालात माझे दोन विषय राहिले. घरी मी सांगितलं नाही. त्यांना राहिले म्हणजे काय हे समजावता आलं नसतं, आणि समजलं असतं तर अजूनच वाईट वाटलं असतं. आमच्या गावातल्या दोन मुली टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जायच्या. त्यांच्याबरोबर जायचं मी ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी फक्त मामांना म्हणाले, "मामा, सोमवारपासनं मी कॉलेजला येणार न्हाय." त्यांनी आरशात एकदा बघितलं. रेडिओवर विहीर खणणाऱ्या एका माणसाची गोष्ट चालू होती. साठ फूट खणलं तरी पाणी नाही, गाव हसतंय, आणि तो वर येऊन काठावर बसलाय... फाटा आला.

सकाळी मी विचारलं, "लागलं का पाणी?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय? काठावर बसून भाकरी खाल्ली. पाणी प्याला, दुसऱ्याच्या विहिरीचं. आन् दुसऱ्या दिवशी परत खाली उतरला की."

"आन् पाणी?"

"त्ये लिवणाऱ्यानं सांगितलंच न्हाय. उतरला हितंच संपली गोष्ट."

मला फार राग आला होता. असा कुठे शेवट असतो का? पण दिवसभर तो माणूस दोर धरून खाली उतरताना दिसत राहिला. सोमवारी मी कॉलेजलाच गेले. पुढच्या परीक्षेत दोन्ही विषय सुटले. आता मी शेवटच्या वर्षाला आहे.

मामा गेल्यावर आठवड्याने मावशी, रफिकभाई आणि मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांचं गाव आमच्या फाट्याच्या पुढचंच. गंगूमामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या जावेने चहा दिला, तो पिऊन झाला. शेवटी मीच त्या विहिरीच्या गोष्टीचं सांगितलं. माझं पुरतं संपायच्या आतच मावशी म्हणाल्या, "न्हाय गं पोरी, तुझं कायतरी चुकतंय. लागलं की पाणी! एवढं लागलं की बादली टाकायच्या आत वर आलं. मला चांगलं ध्यानात हाय, माझ्या सुनंचे दिवस भरलेले तवा."

रफिकभाई दोघींकडे बघत राहिले. "क्या बाता करते मावशी? मेरेकू तो बोले, उनो खोदनाच छोड दिया. घर जाके आराम से सो गया." मग हळू आवाजात म्हणाले, "तब मेरी आंखां दुखती थी. फिर बी मैं रात-रात भर सीता था."

आम्ही तिघंही मामींकडे बघायला लागलो. खरा शेवट त्यांना माहीत असणार. त्या पुढच्या थांब्यावर, शेतातून सुटल्यावर, त्याच गाडीत बसायच्या.

मामी म्हणाल्या, "मला काय ठावं? मी चढले की ते रेडिओ बंद करायचे. म्हणायचे, दिवसभर रानात होतीस, आता तू बोल. घर येईस्तोवर मीच बोलायची... कवा मराठीत, कवा कन्नडमधी."

म्हणजे मामांनी एकाही कथेचा शेवट कधी ऐकलाच नव्हता. तीन वर्षं रोज सकाळी मला मिळत होते ते त्यांचे स्वतःचे शेवट होते, आणि प्रत्येक फेरीला वेगळे. मावशींनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या. "लबाड मेला!" म्हणाल्या, आणि मग खरंच रडल्या. मामीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या, असं त्यांची जाऊ नंतर सांगत होती.

मामांच्या शेवटाला मी खोटं म्हणू की काय म्हणू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वर्गात मी प्रश्न विचारायला घाबरते, आणि इथे एक माणूस रोज तीन वेळा नवी गोष्ट रचून सांगत होता, आणि कोणाला पत्ता लागू देत नव्हता. समोरच्या माणसाला आज काय हवंय एवढं ते आदल्या संध्याकाळी आरशात बघून ठेवत असावेत. मला पाणी लागल्याचं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, हे त्यांना कसं कळलं?

जीप आता मामींचा भाऊ चालवतो. रेडिओ मात्र मामींनी घरी आणला, खिडकीतल्या फळीवर ठेवलाय. परवा मी फाट्यावर उतरले नाही, तशीच पुढे त्यांच्याकडे गेले. रेडिओवर कथा चालू होती. मला बघताच मामींनी हात लांबवून निळं टोपण फिरवलं आणि तो बंद केला.

"बस. त्या पत्राचं सांग. ती बाई उंबऱ्यावर बसली, फुडं काय झालं?"

पत्राची ती अर्धी कथा मी त्यांना मागच्या भेटीत निघताना सांगितली होती; पुढची मी शोधून ऐकलेली नव्हती, मुद्दामच. मी खिडकीजवळ टेकले.

"मामी... पत्रात लई काय नव्हतं. भावानं एवढंच लिवलं होतं, औंदा शेवग्याला शेंगा लई आल्यात, येऊन घेऊन जा."

मामी खिडकीबाहेर बघत होत्या. "मग? गेली का न्हाय ती?"

"पिशवी शोधायला उठली की."

मामींनी पदराने रेडिओवरची धूळ पुसली. "उद्या ये," त्या म्हणाल्या. "आजची अर्धीच राहिली."