खंडेनवमीला बदललेले प्लग

माझ्या गाडीचे चारही स्पार्क प्लग मी स्वतःच्या हातांनी बदलले आहेत. कुणी विचारलं नाही तरी सांगते. वलगावच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे आणि तिथल्या निम्म्या पेशंटना हे ऐकवून झालंय. त्या नादात माणूस सुईकडे बघत नाही, हा वरचा फायदा.

गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची, पण माझ्या पगारातली. दसऱ्याला बाबांना तिच्यातून नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं, एवढी एकच हौस होती. बाबा अकोल्याला राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून मिस्त्री म्हणून रिटायर झाले. दरवर्षी गर्दीत रेटारेटी करत एसटीनेच जायचे. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी धोशा तोच. लहानपणी मी त्यांच्या पान्यांना हात लावला की म्हणायचे, "ठेव ते. पोरीचं काम नाही." म्हणून तर ही गाडी त्यांनी एकदा नीट बघावी, तिच्यात बसावं, असं मला फार वाटत होतं.

आदल्या दिवशी सकाळी ते अमरावतीला माझ्या घरी आले. मीही तेव्हाच नाइट ड्युटी करून गाडीने आले होते. त्यांच्यासमोर गाडी चमकली पाहिजे ना! बॉनेट उघडलं आणि सरळ पाइप सोडला. सणाच्या आधी आमच्याकडे सगळे असंच करतात, बैल धुवावा तशी गाडी धुतात. इंजिन तापलेलं, पाणी थंडगार. अक्कल गहाण ठेवली होती म्हणा.

नंतर गाडी सुरू केली तर गचके देऊन थरथरायला लागली. मधेच ठोका चुकत, मिसिंग मारत होती. बाबा दारात चहा पीत बसलेले.

"हे तं शिवणयंत्रावानी वाजून राह्यली," ते म्हणाले. "मी उद्या एसटीनं जातो बाप्पा. तुही गाडी तिवश्यापर्यंत बी नाही पोचत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा. मग बोला."

गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजात गेले, तर खंडेनवमी! सगळे पाने धुऊन पुसून चटईवर मांडलेले, वर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. गॅरेजवाल्याने हात जोडले.

"ताई, आज पान्याले हात नाही लावत आमी. परवा या."

"परवा येऊन काय करू? दसरा उद्या आहे!"

पुढच्या दोन गॅरेजांतही तेच. पण त्या पहिल्या भल्या माणसाने जाता जाता एक सांगितलं होतं, "प्लगच्या खड्ड्यात पाणी गेलं असन. आधी ते टिपा, मंगच प्लग काढा. नाहीतर पाणी इंजिनात जाईन."

आमच्या घरात पाने पूजेला बसत नाहीत. डिक्कीत गाडीसोबत आलेला प्लग-पाना होता, त्याची पिशवीसुद्धा कधी उघडली नव्हती. गाडीचं माहितीपुस्तक काढलं, चष्मा लावला आणि इंजिन गार झाल्यावर सुरुवात केली. प्लगांना वीज देणाऱ्या वरच्या कॉइल काढल्या. घरातल्या लांब चिमट्याला गॉज गुंडाळून खड्ड्यांतलं पाणी टिपलं. जखमा साफ करण्यात माझी हयात गेली, मला कुणी हे शिकवायला नको.

पहिला प्लग बाहेर आला आणि चोर सापडला. गरम इंजिनावर गार पाणी पडून त्याच्या पांढऱ्या चिनीमातीला उभा तडा गेला होता. बाकीच्या तिघांची टोकंही झिजून गोल झालेली. म्हटलं, आता चारही नवे.

जुना प्लग रुमालात घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने न बघताच चार प्लग पुढे सरकवले.

"हे लागून जाते ताई."

मी जुना शेजारी उभा धरला. नव्याचे आटे जुन्यापेक्षा अर्ध्या पेराने आखूड.

"लागून जाते म्हणजे? जुन्यावर नंबर छापलाय, तो वाचा. मी कुणाला लागून जाते म्हणून भलतं इंजेक्शन देते का?"

तो हसला, पण उठला. माळ्यावरून बरोबर नंबरचे चार काढून दिले.

घरी आले तर बाबा खुर्ची घेऊन गाडीपाशीच बसलेले. आता गंमत अशी, की डिझेलच्या बसला स्पार्क प्लग नसतोच. म्हणजे बाबांनी जन्मात एकही बदलला नव्हता. पण कबूल कोण करणार! मी नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवला, वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा दिला आणि थांबले.

"आवळ अजून," बाबा म्हणाले. "अंगाचा जोर लाव."

"नाही लावणार. हे बसचं चाक नव्हे. आटे गेले तर इंजिन गेलं."

"आण इकडं." त्यांनी हात पुढे केला.

"बाबा, हात लावू नका!"

बापाशी असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी हात मागे घेतला. मी उरलेले तीन बसवले, कॉइल लावल्या, चावी फिरवली. काय सांगू! गाडीचा आवाज असा एकसारखा लागला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला, जरा वेळ ऐकलं आणि एक अक्षर न बोलता आत गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

सकाळी पांढरे कपडे घालून ते माझ्या आधी गाडीत बसलेले होते. वाटेत तिवश्याला चहाला थांबलो. टपरीच्या बाजूला एक गाडी बॉनेट उघडून उभी, भोवती नागपूरलाच निघालेली माणसं. त्यांतला एक अकोल्याचा निघाला. बाबांना बघून धावतच आला.

"मिस्त्रीकाका, बरे भेटलेत! मिसिंग मारून राह्यली. पाहा ना जरा."

बाबांनी बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे मान केली.

"मले काय विचारता? मिस्त्री हे हाय. माही पोरगी."

डोळे भरून आले ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी लगबगीने उठले आणि त्या परक्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं.