चौथी बाजू

"नख मार."

नोकरीच्या मुलाखतीत मुजावर मॅडमनी मला विचारलेला, खरं तर फर्मावलेला, हा पहिला प्रश्न. मी प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून उभा होतो आणि त्यांनी टेबलावरचा जळका लाकडी ठोकळा माझ्या नाकासमोर धरला. बाहेरून काळाकुट्ट, एका बाजूनं करवतीनं साफ कापलेला. कापलेल्या बाजूला कडेनं कोळशाचा जाड थर, त्याच्या आत एक तपकिरी रेघ आणि तिच्याही आत कालच चिरल्यासारखं पिवळं सागवान. मी कोळशात नख मारलं, बोट काळं झालं. मग आत मारलं, तर नखच मोडलं.

"कळलं?" त्या म्हणाल्या. "लाकूड जळतंय, पण सांगून जळतंय. मिनिटाला किती आत जाणार ते ठरलेलं असतंय. लोखंड तसं न्हाय. ते गप उभं ऱ्हातंय आन् एकदम मान टाकतंय."

तो ठोकळा त्यांच्या वडिलांच्या वखारीतला होता. मॅडम शाळेत असताना वखारीला आग लागली. नव्या शेडचे लोखंडी अँगल वाकून जमिनीला टेकले, पण जुन्या भागातल्या जाड तुळया काळ्या पडूनही उभ्या राहिल्या. त्या तुळयांखालून त्यांचे अब्बा चालत बाहेर आले. पुढं मुलगी इंजिनिअर झाली आणि राजारामपुरीत दोन खोल्यांचं ऑफिस थाटून लाकडी छपरांचे हिशेब करायला लागली, यात नवल काही नाही.

मॅडम कधी बसायच्या नाहीत. त्यांच्या खुर्चीवर फायली बसायच्या. डबा खायच्या तो खिडकीशी उभं राहून, फोनवर बोलताना दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या, आणि आमच्यापैकी कोणी जरा टेकून बसला की, "झोप लागली काय रं?" कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्याही "मी येतो, मी बघतो" असंच बोलायच्या. आवाज असा, की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही आमच्या चुका पाठ होत्या.

छपराचं वजन तुळई पेलेल का आणि एक तास आग लागली तर तिचं किती लाकूड शिल्लक राहील, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर काढून द्यायचं. तुळई पास झाली की पडद्यावर हिरवी, नापास झाली की लाल. दर काही महिन्यांनी त्याचं अपडेट यायचं. जगातली सगळी शहाणी माणसं अशा वेळी 'नंतर' वर टिचकी मारतात. मॅडमचं उलटं. अपडेट आलं की हातातलं काम बाजूला पडायचं, आणि पूर्वी करून दिलेली, कधीच बांधून झालेली कामं नव्या आवृत्तीत एकेक करून उघडायची. मला त्याचा भयंकर कंटाळा होता. एकदा म्हणालोही, "मॅडम, बांधून झालंय, आता काय तपासायचं?"

"लगीन झालं म्हणून पोरीला इचारायचंच न्हाय व्हय, बरी हाईस काय म्हणून?"

अशाच एका अपडेटच्या चार वर्षं आधी आम्ही राधानगरीला एका पर्यटक निवासाचं काम केलं होतं. वर मोठी खोली, तिथं शाळांच्या सहलीतली मुलं ओळीनं झोपायची. मूळ आराखड्यात तुळयांच्या पाठीवर पक्कं छत बसवलेलं होतं, म्हणजे आग लागली तरी तुळई तीनच बाजूंनी जळणार. बांधताना मालक दिनकररावांना हौस आली. त्यांनी छत हातभर वर उचललं आणि तुळया चारी बाजूंनी मोकळ्या दिसायला लागल्या. मॅडम बघायला गेल्या, "झकास दिसतंय" म्हणाल्या आणि परत आल्या. हिशेब पुन्हा करायचा राहून गेला. सॉफ्टवेअर तेव्हा न विचारता तीन बाजू धरायचं. नव्या अपडेटनं ती सवय सोडली. त्यात जुनं काम उघडलं की प्रत्येक तुळईला थांबून प्रश्न यायचा: आग किती बाजूंनी?

राधानगरीची फाइल मीच उघडली होती. प्रश्न आला, मी तीनवर टिचकी मारली. हिरवं. मागं फेऱ्या चालल्या होत्या त्या थांबल्या.

"चौथी बाजू काय तुझा काका बघणार हाय?"

मी चार केलं. सगळ्या तुळया लाल झाल्या. ज्यांनी तासभर टिकायचं, त्या चाळीस मिनिटंही टिकत नव्हत्या.

मी म्हणालो, कोणी विचारलेलं नाही, चार वर्षांत काही झालेलं नाही. मॅडमनी पर्स उचलली होती. "आग काय पावण्यासारखी फोन करून येती व्हय? गाडी काढ."

वाटेत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या असं म्हणवत नाही. सीटच्या कडेला टेकून सबंध रस्ता न दिसणारा ब्रेक दाबत होत्या. मला मनातून राग आला होता. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला इतकी घाई करतो का?

दिनकरराव अंगणातच भेटले. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "चूक माझी हाय," म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं. दिनकरराव आधी हसले, मग लाल झाले.

"अवो मॅडम, परवा शंभर पोरं यायलीत सहलीची! सही तुमची, तुम्हीच बोंब कशाला मारता? तुम्ही गप, मी गप."

"सही माझी हाय म्हणूनच बोंब मारालोय. परवाची पोरं खाली झोपतील न्हाय तर येणार न्हाईत. वरच्या खोलीला कुलूप लावा. आत्ता. मी बघतो आन् मगच जातो."

कुलूप लागलं. पुढचे आठ दिवस मॅडम रोज राधानगरीला जात होत्या. मिस्त्री छत खाली आणून तुळयांच्या पाठीवर घट्ट बसवत होता आणि त्या खाली मान वर करून उभ्या. शेवटची फळी बसली, मॅडम जिन्याच्या पायरीवर गेल्या आणि बसल्या. चक्क बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्या एकदम म्हाताऱ्या वाटल्या.

दिनकरराव मात्र काही गप्प बसले नाहीत. "त्या बाईनं स्वतःच चूक कबूल केली" हे जिल्हाभर झालं. आमची कामं तुटली. पन्हाळ्याचं एक मोठं हॉटेल हातचं गेलं. मी चिडचिड केली की त्या म्हणायच्या, "काम गेलं, झोप न्हाय गेली." पुढं मीही स्वतःचं ऑफिस काढलं. निघताना त्यांनी तो ठोकळा माझ्या हातात कोंबला. "घे. शाणपणा सुचायला लागला की नख मार."

या वर्षी त्या मिरजेच्या दवाखान्यात होत्या. उठायची बंदी, म्हणून सगळी अस्वस्थता फोनमध्ये शिरलेली. शेवटच्या फोनवर आवाज अगदी बारीक झाला होता, पण प्रश्न तोच.

"अपडेट आलं म्हणं. जुनी कामं उघडलीस?"

"हो मॅडम."

"सगळी?"

"सगळी."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मी खोटं बोललो होतो. एक काम मी उघडलं नव्हतं. पन्हाळ्याच्या वाटेवरचं एक जेवणघर, माझ्या एकट्याच्या सहीचं पहिलं काम. तिथल्या तुळयांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या आगीपासून वाचाव्यात म्हणून लाकडात लपवायच्या होत्या. मालक पाटील घाईत होते, त्या उघड्याच राहिल्या आणि मी मान डोलावली. नवं अपडेट नेमकं त्या पट्ट्यांबद्दल विचारतं, हे मी वाचलं होतं. म्हणूनच उघडत नव्हतो. मातीहून परत आल्यावर चार दिवस मी ऑफिसात दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारल्या. खुर्चीवर बसवेना. ज्या बाईनं माझ्याशी एक शब्द खोटा केला नाही, तिला मी शेवटचा शब्द खोटा दिला होता, आणि तो आता परत घेता येणार नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी उभ्या उभ्याच फाइल उघडली. पट्ट्या उघड्या की झाकलेल्या? उघड्या. सगळे जोड लाल.

मी फोन लावला.

"पाटील, मी संदीप बोलतोय. आत्ता निघालोय तुमच्याकडं. जेवणघर आज बंद ठेवा. चूक माझी आहे."

पाटील दचकले. "का वो? आग लागली काय कुठं?"

"न्हाय," मी म्हणालो. "लागायच्या आत येतोय."