भाजलेली माती

आमच्या घराच्या भिंती आमच्याच शेतातल्या मातीच्या आहेत. पाहुण्यांना याचं मोठं कौतुक वाटतं. मला संताप येतो.

वीटभट्टीवाला पळसदरीकडच्या आमच्या भातखाचरावर आला, तेव्हा दादाला म्हणाला, वरची हातभर माती तेवढी नेतो, शेत सपाट होईल, पाणी झकास तुंबेल. बदल्यात घरापुरत्या विटा घ्या. दादा माझा थोरला भाऊ. राबायला वाघ, पण भोळा. आजूबाजूच्या खाचरांवर फार्महाऊसं उठली होती आणि आपण निदान जमीन विकली तरी नाही, असं तो छाती काढून सांगायचा. माती गेली, घर झालं. शेतात उरला तांबडा मुरूम.

त्या उन्हाळ्यात त्याने नेहमीसारखा राब भाजला. आमच्याकडे शेण, गवत, टहाळ्या वाफ्यावर रचून पेटवतात आणि पाऊस लागला की त्या भाजलेल्या जागी भात पेरतात. रोपं इतकी हिरवीगार आली की दादाने मला खोपोलीहून मुद्दाम बोलावून दाखवली. लावणीनंतर तीच रोपं पिवळी पडली. युरिया टाकला की चार दिवस तरारायची, पुन्हा पिवळी. बांधापलीकडे शेजाऱ्याचं भात, तेच बियाणं, तोच युरिया, आणि हिरवं इतकं की काळपट दिसावं. दादा बांधावर बसून ते बघत राहायचा.

मी खोपोलीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दोन्ही शेतांची माती मीच तपासली. युरियाचा मातीत अमोनियम होतो आणि भाताची भूक मुख्यतः त्याच्यावरच भागते. चिकण माती त्याला धरून ठेवते, तुंबलेल्या चिखलात तो टिकतो. मुरूम काहीच धरत नाही. पाणी झिरपून जातं, जमीन वाळते, अमोनियमचं नायट्रेट होतं आणि पुढच्या सरीबरोबर खाली निघून जातं. शेजाऱ्याच्या मातीत अमोनियम भरपूर होता, आमच्या मातीत नावापुरता.

"मंग आजून टाकू," दादा म्हणाला.

"किती बी टाकलास तरी ऱ्हाणार नाय रं दादा. धरायला मातीच नाय."

"माती परत कवा व्हईल?"

दादाने पन्नाशी ओलांडली आहे. तुझ्या हयातीत नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. जवळच्या तळ्यातला गाळ तरी मिळेल म्हणून मी खेटे घातले. तो बंगलेवाल्यांच्या लॉनखाली गेला.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी घरी गेले, तर लांबूनच ठकठक ऐकू येत होती. मागच्या पडवीची भिंत अर्धी उतरवलेली. दादा हातोड्याने विटा फोडत होता, वहिनी भुगा चाळत होती. दोघंही नखशिखांत लाल.

"दादा, ह्ये काय करतोस?"

"जमिनीचीच माती हाय ना गं? तिला परत देतो." तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "आन भाजलेली हाय. राब भाजला का रोपं कशी येतात? ही तर आक्खी भाजलेली."

राबाची आच बेताची असते. ती शेणपाल्यातलं आणि वरच्या मातीतलं अन्न मोकळं करते. भट्टीची आच मातीची धरून ठेवायची ताकदच जाळून टाकते. वीट कितीही बारीक कुटा, तिची चिकण माती होत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मी बोलले असते तर त्याने हातोडा खाली ठेवला असता. मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने काय केलं असतं? आयुष्यात इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं.

"टोपली आण इकडं," मी वहिनीला म्हणाले आणि भुगा घेऊन शेतात गेले. मुठीमुठीने पसरला. मुरमावर पडल्यावर तो वेगळा ओळखूसुद्धा येत नव्हता.

"सगळीकडं टाक गं," मागून दादा ओरडला, "कोपरा सोडू नको."