हाकलअक्का

"उद्या सकाळी तुला हाकलून देईन," हे अक्कांचं वाक्य बहुतेक वेळा ताटात भाकरी वाढताना यायचं. समोरची मुलगी नवी असली तर ती हातातला घास परत ताटात ठेवायची. जुनी असली तर ती आणखी एक भाकरी मागायची. जळगावच्या मुलींच्या आश्रयगृहात अक्का व्यवस्थापिका होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना हाकलअक्का म्हणायचो. मी तिथे होते तेवढ्या काळात त्यांनी एकाही मुलीला हाकललं नाही. सकाळ झाली की त्यांना दुसरी कामं असायची.

आश्रयगृह म्हणजे जिनिंग फॅक्टरीच्या मागची पत्र्याची इमारत. हंगामात कापसाचे तंतू उडत येऊन आमच्या केसांत, वरणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना देशासाठी काहीतरी करायची हुक्की आली, त्यातून ही संस्था निघाली. घरातून पळालेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, स्टेशनवर पोलिसांना सापडलेल्या मुलींना इथे आणत. मंडळींनी दारावर पाटी लावली, पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला, आणि बाकीचं सगळं अक्कांवर सोपवलं.

मी पहूरची. वडील गेल्यावर काकाने माझं लग्न बोदवडकडच्या एका बिजवराशी ठरवलं. त्याची थोरली मुलगी माझ्याहून मोठी होती; मी पंधरा वर्षांची. हळदीच्या आदल्या दिवशी मी नॅरोगेजच्या लहान गाडीत बसले, पाचोऱ्याला उतरून मोठी गाडी पकडली आणि जळगावला आले. पळून जायचं एवढंच ठरवलं होतं. पळून कुठे जायचं, हा विचार राहूनच गेला होता. स्टेशनाबाहेर बसून राहिले. एका पोलिसाने हटकलं आणि आश्रयगृहात आणून सोडलं.

"ही काय धर्मशाळा आहे? इथे जागा नाही," अक्का त्याला म्हणाल्या, आणि बोलता बोलताच माझ्यासाठी एक गोधडी झटकायला लागल्या. पोलीसही सवयीचा असावा. तो पाणी पिऊन निघून गेला.

अक्का मूळच्या साक्रीकडच्या. नवऱ्याने टाकल्यावर त्या पुण्याला राहून शिकल्या होत्या. तिथली शुद्ध भाषा त्यांनी फक्त रागवण्यासाठी राखून ठेवली होती. "तुझ्या या बेजबाबदार वर्तनाचा मला अत्यंत तिटकारा आहे," असं त्या ठसक्यात म्हणाल्या की आम्ही बिनधास्त असायचो. भीती वाटायची ती त्यांच्या अहिराणीची. मला एकदा हिवताप भरला, तेव्हा कपाळावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "कोठे दुखस वं माय?" मी घाबरून रडायला लागले. अक्का अहिराणीत शिरल्या म्हणजे दुखणं साधं नाही, असं मला मुलींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष एक वकील होते. आम्ही सगळ्या त्यांना वकीलसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना बोलायला आवडायचं. दर रविवारी येऊन ते आम्हाला रांगेत बसवायचे आणि घर हे स्त्रीचं मंदिर कसं आहे, हे समजावून सांगायचे. घरातूनच जीव मुठीत धरून पळालेल्या आम्ही ते मन लावून ऐकायचो, कारण नंतर गूळ-दाणे मिळायचे. एकदा त्यांनी अक्कांना विचारलं, "बाई, एवढं सांगूनही या मुलींना घराची ओढ कशी वाटत नाही?"

"साहेब," अक्का म्हणाल्या, "यांना घरात सुख असतं, तर तुम्हाला अध्यक्ष कोणी केलं असतं?"

वकीलसाहेबांनी मान डोलावली. ती त्यांना आपली स्तुती वाटली.

माझा पत्ता काकाला लागायला चार-पाच महिने गेले. एका सकाळी तो बिजवराला घेऊनच दारात उभा राहिला. सोबत वकीलसाहेब होते. पुतणीचं आणि काकाचं मनोमीलन घडवायचं, या कल्पनेने त्यांचा चेहरा फुलला होता. मी कोठीच्या दाराआड उभी राहिले. अक्का आता या तिघांना हाकलतील, अशी माझी खात्री होती.

"पोरगी आमची हाये अक्का," काका म्हणाला. "तिले आमच्या हवाली करा."

"आत्ता न्या," अक्का म्हणाल्या. "मी तिला हाकलणारच होते."

मी दाराआड आणखी मागे सरकले. बिजवर मात्र खूश झाला. त्याने चौकशी सुरू केली.

"सैपाक येतो ना तिले?"

"येतो. मनात आलं तर करते. नाही आलं तर चूल विझवून बसते."

"तब्येत बरी हाये?"

"उत्तम. सहा भाकऱ्या खाते."

"सहा?"

"न्याहारी सोडून."

बिजवराने काकाकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होता.

"आन् सोभाव?"

"तेवढा विचारू नका. गेल्या महिन्यात एका मुलीच्या दंडाला चावली. व्रण अजून आहे. बोलावू का तिला? दाखवेल."

बिजवराने नकळत आपला दंड उपरण्याखाली घेतला. अक्कांनी पदर सावरला आणि शेवटचं सांगून टाकलं, "शिवाय आता वाचायला शिकलीय. नवऱ्याने हात उगारला तर अर्ज कुठे करायचा, ते परवा वकीलसाहेबांनाच विचारत होती. हो ना साहेब?"

मी असलं काही विचारलं नव्हतं. पण आपला सल्ला कोणी घेतला, हे वकीलसाहेबांना कधी नाकारवत नसे. "हो, हो," ते म्हणाले, "मी सविस्तर सांगितलं तिला."

बिजवर उठला. "मले घरात शांतता पायजे," एवढंच बोलून चपला घालून चालू लागला.

आता काकाची पंचाईत झाली. "हिले घरी नेऊन मी काय करू? माझ्या दोन पोरी उजवायच्या हायेत."

"ते मला सांगू नका. मुलगी तुमची. घेऊन जा."

मग काका हात जोडायला लागला. मला न्यायला आलेला माणूस, मला ठेवून घ्या म्हणून अक्कांच्या विनवण्या करत होता. अक्का बराच वेळ बधल्या नाहीत. शेवटी, मुलीचं शिक्षण पुरं होईपर्यंत तिला मागायला येणार नाही, असा शब्द त्यांनी वकीलसाहेबांसमोर त्याच्याकडून घेतला आणि फार मोठे उपकार केल्यासारखा होकार दिला. पुढे वार्षिक सभेत वकीलसाहेबांनी ही हकिगत आपल्या मध्यस्थीचं यश म्हणून सांगितली. टाळ्याही पडल्या.

मी मात्र दुपारी जेवले नाही. अक्का ताट घेऊन समोर बसल्या.

"चावली होतीस की नाही?"

"चावले होते."

"मग मी काय खोटं बोलले?" त्या म्हणाल्या. मी ताट बाजूला सारलं. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "खाई ले वं माय. गया तो."

त्या दिवशी मी खरोखरच सहा भाकऱ्या खाल्ल्या.

मराठी सातवीची फायनल परीक्षा पास झाल्यावर त्यांनी मला धुळ्याला अध्यापिका विद्यालयात पाठवलं. एसटीवर सोडायला आल्या होत्या, पण मला पुढची जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी भांडण्यात त्यांचा सगळा वेळ गेला. गाडी हलली तरी भांडण चालूच होतं. निरोप घ्यायचा राहिला.

काही वर्षांनी इमारतीच्या मालकाला जागा हवी झाली. संस्था गुंडाळण्यात आली. अक्कांचा सत्कार झाला; वकीलसाहेबांनी त्यांच्या "मृदू आणि मधुर वाणीचा" गौरव केला. आम्ही जुन्या मुली तोंडात पदर कोंबून बसलो होतो. नारळ घेऊन अक्का साक्रीकडे भावाच्या गावी गेल्या. मी तोवर धुळ्यात शिक्षिका झाले होते. एकदा त्यांना भेटायला गेले. काय करता, असं विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही. म्हशी सांभाळते."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी होती. काखेत गाठोडं, ओठ उन्हाने फुटलेले. अक्कांच्या भावाच्या गोठ्यात ती वर्षभर राहिली होती, म्हणाली. तिच्याआधी आणखी दोघी राहून गेल्या होत्या. म्हशी एका बाजूला बांधत, मुली दुसऱ्या बाजूला झोपत.

"मग आता इकडे कशी?" मी विचारलं.

"अक्का गेल्या," ती म्हणाली. "ताप होता. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर भाऊ तुला ठेवणार नाही. धुळ्याला आपल्या मास्तरणीकडे जा."

मी गाठोडं तिच्या हातातून घेतलं. तिला हातपाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, सकाळचं वरण गरम करून वाढलं. ती खाली मान घालून भराभरा जेवत होती. तिचं जेवण होईपर्यंत मी चुलीकडे तोंड करून बसले आणि रडून घेतलं.